दिसलेले प्राणी: निरंक

तिसऱ्या सोमवारीही स्वरालीने वर्गात उभं राहून कावळाच सांगितला, तेव्हा बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, 'पुढच्या वेळी कृपया दुसरा प्राणी.'

पहिलीच्या वर्गात दर सोमवारी 'मी पाहिलं' नावाचा तास असे. आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या प्राण्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं. मोबाइलमधला, टीव्हीतला, पुस्तकातला चालायचा नाही. अविराजने घोरपड सांगितली होती. राजनंदिनीने उसातून निघून रस्ता ओलांडणारा कोल्हा सांगितला होता आणि त्याच्या शेपटीची लांबी दाखवताना शेजारच्या मुलाचा चष्मा पाडला होता. एकाने तर थेट बिबट्या सांगितला. तो त्याच्या काकांनी पाहिला होता हे मागाहून निघालं, पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. स्वरालीकडे कावळा होता.

माधवी डायरी वाचून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. दोष कुणाचा हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बारामती एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, उसाला लागून त्यांचं घर. दिवाळीत अंगणात मुंगूस आलं तेव्हा हिनेच पोरीला आत ओढून दार लावलं होतं, कारण मुंगूस आलं म्हणजे जवळपास साप असणारच. गच्चीवर मोर यायचा, तर बर्ड फ्लूची बातमी नेमकी त्याच आठवड्यात वाचलेली. संध्याकाळचे पाच वाजले की फाटकाला कुलूप. एम.एस्सी. झालेली बाई ती, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी. सहा वर्षांत तिने पोरीला साधं खरचटू दिलं नव्हतं. त्या नादात पोरीने काही पाहिलंही नव्हतं.

"मंग कुत्रं सांग की," द्वारकाबाई नातीला म्हणाल्या. माधवीच्या या सासूबाई बावड्याहून आठवडाभर राहायला आल्या होत्या. "कुत्र्यात काय वाईट हाय?"

"कुत्रं रानटी नसतं, आजी."

"तू आमच्या शेजारचं बघितलं न्हाईस अजून."

जेवताना युवराजने तोडगा काढला. तो दूध प्रकल्पात शिफ्ट सुपरवायझर होता आणि कुठल्याही प्रश्नावर त्याच्या प्लांटमधल्या कुणी ना कुणी आधीच काहीतरी केलेलं असे. "इंदापूरच्या बाजूला भिवाचा माळ आहे. गावच्या समितीनं संध्याकाळची सफर चालू केलीय. गाडी आपली, गाईड त्यांचा. चार ते साडेसहा. चिंकारा, खोकड, लांडगा. आमच्या प्लांटमधले दोघं जाऊन आलेत."

"लांडगा?" माधवी म्हणाली.

"दिसला तर."

"आणि दिसला तर?"

"तर बघायचा, माधवी. त्यासाठीच जातात लोक."

पुढचे दोन दिवस तिने मोबाइलवर वाचन केलं. माळावरचा लांडगा माणसापासून लांबच राहतो, असं सात ठिकाणी लिहिलेलं होतं. आठव्या ठिकाणी वेगळं लिहिलेलं होतं. तिच्या लक्षात आठवं राहिलं. हा बेत मनातून काढूनच टाकावा असं ठरवून ती शनिवारी वाळत घातलेले कपडे आणायला गेली, तर खिडकीशी उभी राहून स्वराली कुणालातरी सांगत होती, "आज मी तुम्हाला डोमकावळ्याबद्दल सांगणार आहे. हा नेहमीच्या कावळ्यापेक्षा वेगळा असतो." समोर कुणी नव्हतं. पोरगी तालीम करत होती.

कपडे तसेच खांद्यावर टाकून माधवीने रविवारचं बुकिंग केलं.

फोनवरच्या माणसाने नियम सांगितले. मळकट रंगाचे कपडे घालायचे, अत्तर लावायचं नाही, खायचे पदार्थ आणायचे नाहीत. माधवीने ते कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवले. मग आपल्याकडून एक पिशवी भरली. तीत प्रथमोपचाराची पेटी होती, दोन बॅटऱ्या, शिट्टी, डासांचं मलम, आणि साप चावल्यावर लस मिळणाऱ्या तीन दवाखान्यांचे नंबर लिहिलेलं कार्ड, ते पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेलं. महिना फेब्रुवारी होता.

रविवारी तीन वाजता द्वारकाबाई पोपटी साडी नेसून गाडीत जाऊन बसल्या.

"आई, मळकट रंग सांगितलाय," माधवी म्हणाली.

"माझ्या माहेरच्या रस्त्यानं चाललीय गाडी. वरकुट्याच्या लोकांनी बघितलं तर म्हंतील, द्वारकीला सासरी नीट कापड मिळंना."

"आणि ही पिशवी कसली?"

"हाय थोडा चिवडा. आन लाडू."

"खायचं न्यायचं नाही म्हणाले ना ते. वासाने प्राणी जवळ येतात."

"येऊ दे की," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यासाठीच चाललूय न्हवं?"

माधवीने स्वरालीचा सीटबेल्ट ओढून पाहिला आणि गाडी निघाली.

भिवाच्या माळाच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती आणि शेडसमोर खाकी टोपी घातलेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला पन्नाशीचा माणूस उभा होता. नाव गेणू. त्याने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग पोपटी साडीकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या सीटवर बसता बसता सांगितलं, "हितनं फुडं कुणी बोलायचं न्हाय. गाडीतनं उतरायचं न्हाय. खिडकीतनं हात काढायचा न्हाय. फोन बंद. मी बोट दावीन तिकडं बघायचं, दुसरीकडं बघायचं न्हाय."

माधवीला हा माणूस एकदम आवडला. आपल्यापेक्षा जास्त वेळा 'नाही' म्हणणारं कुणीतरी तिला पहिल्यांदाच भेटत होतं. तिने मागे टेकून बसायचा प्रयत्न केला. तिला ते बऱ्यापैकी जमलंही.

पहिला अर्धा तास गेणूने आपला शब्द पाळला आणि इतरांना पाळायला लावला. गाडी पिवळ्या गवतातून चालण्याच्या वेगाने जात होती. एकदा त्याने बोट दाखवलं, तर तिथे मातीच्या रंगाचा एक पक्षी तुरुतुरु पळत होता. स्वरालीने आईच्या कानात सांगितलं, "पक्षी नको. पक्षी झालाय माझा." द्वारकाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं युवराजने जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो आरशातून अधूनमधून त्यांची तब्येत तपासत होता.

मग गेणूचा हात हळूच वर गेला. गाडी थांबली.

डाव्या बाजूला, साठ-सत्तर पावलांवर सात चिंकारे चरत होते. छोटी, तांबूस, काडीसारख्या पायांची हरणं. स्वराली उजवीकडे बसली होती. माधवीने तिचा बेल्ट काढला, आपला काढला, दाराचं लॉक तपासलं, मग पोरीला उचलून सासूबाईंच्या मांडीवरून पलीकडे सरकवायला घेतलं. पोरगी अर्धी हवेत असतानाच गाडीच्या चारही स्पीकरमधून एक बाई मोठ्याने बोलल्या, "नमस्कार. आपल्या मोटारीला वीजपुरवठा सुरू झाला आहे."

बावड्याच्या विहिरीवरची मोटार होती ती. युवराज बारामतीत बसून ती फोनवर चालवायचा. त्याने फोन सायलेंटला टाकला होता, पण मोटारीच्या नंबराला सायलेंट लागू नव्हतं, कारण वीज कधी येईल आणि कधी जाईल हे सांगून येत नाही आणि उसाला पाणी तर द्यावंच लागतं. आणि फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता हे तो विसरला होता.

"मोटार चालू करण्यासाठी एक दाबा," बाई म्हणाल्या.

सहा हरणं तीरासारखी सुटली. सातवं मात्र मोटार बंद करण्याचा पर्याय ऐकेपर्यंत कान टवकारून उभं राहिलं आणि मग तेही गेलं. स्वराली खिडकीशी पोहोचली तेव्हा तिला धूळ दिसली.

"कुठंय?" ती म्हणाली.

युवराजने गुपचूप एक दाबला, कारण आलेली वीज वाया घालवणं त्याच्या रक्तात नव्हतं. गेणू सावकाश मागे वळला. आता हा माणूस आपल्याला गाडीसकट हाकलणार, या तयारीने माधवीने ओठ घट्ट मिटले.

"मोटार कुठल्या गावची म्हनायची?" गेणूने विचारलं.

"बावड्याची," युवराज म्हणाला. "चुकलं, माफ करा."

"त्यात काय चुकायचं. माझी बी फोनवरच हाय. बावड्यात कुणाचं तुमी?"

"सर्जेरावांचा मी मुलगा."

"आन ह्या मातोश्री. मावशी, माहेर कुठलं तुमचं?"

अर्धा तास दाबून ठेवलेला द्वारकाबाईंचा आवाज मोकळा झाला. "वरकुटं."

"वरकुट्यात कुणाच्या?"

"गोकुळतात्यांची थोरली मी."

गेणूने डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी बानूबाईला तुमी वळखत असाल."

"बानीला? चुलतबहीण हाय ती माझी. एका ताटात जेवलोय आमी. तू कसा वळखतोस तिला?"

"मी तिचा धाकला."

द्वारकाबाईंनी चष्मा सारखा केला. "गेण्या? पाळण्यात हुतास तवा बघितलं हुतं तुला. लई रडका हुतास."

गेणू दार उघडून खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला, मागचं दार उघडलं आणि माळावर उभा राहून मावशीच्या पाया पडला. माधवीने मनात मोजलं. बोलायचं नाही, उतरायचं नाही, मी दाखवीन तिकडेच बघायचं. तीन नियम, पाच मिनिटं, आणि मोडले ते त्यानेच.

तिथून पुढे गाडीत गाईड उरला नाही, मावसभाऊ उरला. तो मागे वळून बसला आणि मावशीशी बोलू लागला. कुणाच्या सुना कशा निघाल्या, कुणी डाळिंब काढून केळी लावली, बानूबाईचे गुडघे कुठल्या डॉक्टरने वाया घालवले. चिवड्याची पिशवी सीटखालून वर आली. वरकुट्यातली लग्नं त्यांनी वर्षवार घेतली. तिसऱ्या लग्नाच्या जेवणावळीत पंक्ती बसल्या असताना समोरून एक खोकड, म्हणजे मांजराहून जेमतेम मोठं असं माळावरचं कोल्हं, शांतपणे रस्ता ओलांडून गेलं.

"अहो, ते बघा," माधवी म्हणाली.

"कुठं?" स्वराली म्हणाली. तिच्यासमोर मागे वळलेल्या गेणूकाकांची छाती होती.

"गेलं वाटतं," गेणू म्हणाला. "तर मावशी, मग वरणात मीठच न्हाय."

साडेपाच होऊन गेले. गवतावर सावल्या लांब पडू लागल्या. माधवीने घसा साफ केला. नात्याने आता हा दीर लागत होता, त्यामुळे तक्रारही अदबीने करायला हवी होती. "भाऊजी, ते लांडग्याचं जरा बघता का? पोरीला उद्या शाळेत सांगायचंय. तिने अजून काहीच पाहिलं नाही."

"बघू की, वैनी. आधी घरी चला."

"घरी?"

"हितंच हाय, माळाच्या कडंला. मावशी माझ्या दारावरनं च्या न घेता गेली, तर छबू मला घरात घिल व्हय?"

"पण साडेसहाला सफर संपते."

"च्याला कितीसा येळ लागतुया."

माधवीने युवराजकडे पाहिलं. युवराजने गाडी वळवलीसुद्धा होती. आईच्या माहेरच्या माणसाला चहाला नाही म्हणायचं धाडस त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मागच्या सीटवर स्वराली खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "आज मी तुम्हाला कावळ्याच्या घरट्याबद्दल सांगणार आहे."

माधवीने खिडकीबाहेर पाहिलं, कारण पोरीकडे पाहवेना.

गेणूचं घर वांग्याच्या रानात होतं. पुढे अंगण, बाजूला शेळ्यांचा गोठा, मागे माळ. त्याची बायको छबूबाई दारातच उभी होती. आपल्या माणसाची खाकी टोपी परक्या गाडीत पाहून ती आधी घाबरली होती. नातं कळल्यावर तिने पाहुण्यांना बाजेवर बसवलं आणि चहा ठेवला. चहा उकळता उकळता ती म्हणाली की पोहे भिजवलेलेच आहेत. ते भिजवलेले नव्हते, ते भिजवण्याचा आवाज माधवीला ऐकू आला.

"ताई, खरंच नको. आम्हाला जरा घाई आहे," माधवी उभी राहत म्हणाली.

"बसा वो, जाऊबाई. उभ्यानं कुठं च्या पित्यात व्हय?"

पोहे आले. पोहे संपल्यावर ओटीची गोष्ट निघाली. पहिल्यांदा दारात आलेली जाऊ आणि मावससासू रिकाम्या ओटीने जाणार हे छबूबाईला कबूल नव्हतं. खण आणायला ती पेटीत शिरली. युवराज आणि गेणू ठिबकच्या नळीत माती अडकते ती नेमकी कुठे, यावर बोलत होते. सहा वाजून गेले. माधवीचा एक डोळा सूर्यावर होता, दुसरा स्वरालीवर. खण सापडला. छबूबाईने हळदीकुंकवाची डबी उघडली आणि माधवीला मान खाली घालावी लागली. कुंकू लागून ओटीत तांदूळ पडेपर्यंत तिने डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा बाजेवर स्वराली नव्हती.

"स्वराली कुठंय?"

"मावशीबरुबर मागं गेली असंल," छबूबाई म्हणाली. "वांगी बघाया."

ओटीतले तांदूळ अंगणभर सांडत माधवी घरामागे धावली. मागे माळ, माळावर संध्याकाळ, आणि आठव्या ठिकाणी लिहिलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे ओळीने येत गेलं.

गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला सिमेंटची एक मोडकी टाकी पालथी घातलेली होती. तिच्यावर द्वारकाबाई आणि त्यांना चिकटून स्वराली बसली होती. दोघी हलत नव्हत्या. शंभर एक पावलांवर, ठिबकचं पाणी साचून झालेल्या डबक्याशी, मातकट रंगाचं, उंच पायांचं, कुत्र्यासारखं पण कुत्रं नसलेलं एक जनावर उभं होतं. त्याच्या पायाशी तीन पिल्लं पाणी पीत होती.

माधवीच्या गळ्यात किंकाळी तयारच होती. सहा वर्षांची सवय होती ती. पण तोंड उघडण्याआधी तिला स्वरालीचा चेहरा दिसला. पोरगी तोंड उघडं टाकून बघत होती, दोन्ही हात गुडघ्यांत धरलेले, आणि पापणी लवली तर काही निसटेल म्हणून डोळे मोठे केलेले. आपण ओरडलो की ते पळणार, आणि पोरगी उद्या कावळ्याच्या घरट्याबद्दल सांगणार. माधवीने किंकाळी गिळली. ती जड गेली. मग पाय न वाजवता ती टाकीशी आली आणि पोरीच्या दुसऱ्या बाजूला टेकली.

लांडगी स्वतः पाणी पीत नव्हती. ती वाटेकडे बघायची, मग टाकीवरच्या तिघींकडे, मग पिल्लांकडे, एक, दोन, तीन, आणि परत वाटेकडे. पोपटी साडीला तिची काही हरकत दिसली नाही. एक पिल्लू भलत्याच धाडसाने डबक्याच्या पलीकडे निघालं, तशी दोन ढांगांत जाऊन तिने त्याला मानगुटीला धरलं आणि इतर दोघांच्या मध्ये आणून ठेवलं. त्याने कुरकुर केली. तिने लक्ष दिलं नाही. ही नजर माधवीच्या ओळखीची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात, बागेतल्या घसरगुंडीपाशी, लग्नाच्या मांडवात ती याच नजरेने उभी असायची, आणि तिच्याही ताटातलं जेवण तसंच राहायचं.

मागून युवराज चोरपावलांनी आला. माधवीने मान न वळवता हात मागे केला. त्याने फोन तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो पुरता बंद केला.

"मोटार चालू आहे," तो कुजबुजला.

"जळू दे."

चार मिनिटं कुणी बोललं नाही. द्वारकाबाईसुद्धा. पिल्लांचं पोट भरल्यावर लांडगीने घाईघाईत चारदोन घोट घेतले, एकदा शेवटचं मोजलं, आणि त्यांना पुढे घालून ती गवतात उतरली. गवत थोडं हललं आणि मग हलेनासं झालं.

"आई," स्वराली म्हणाली. तेवढंच.

गेणू पोह्याची बशी हातात घेऊन कोपऱ्यावर आला. "झालं का बघून? रोजचंच हाय हे. पिल्लं भाहीर निघाल्यापासनं सव्वासहाला येती."

माधवी उभी राहिली. "रोज येते? आणि आम्हाला दीड तास माळावर फिरवलंत?"

"वैनी, पावती माळाची हाय," गेणू समजूत घालत म्हणाला. "घरामागचं कसं दावणार? ते नेमात बसत न्हाय."

"गेल्या साली माझी दोन करडं नेली ह्या भवानीनं," छबूबाई म्हणाली. ओटीचे सांडलेले तांदूळ सुपात गोळा करून तिने मागोमाग आणले होते. "रोज तोंडभरून शिव्या देती मी तिला."

"आणि पाणी?"

"पाणी बी म्याच सोडती. लेकुरवाळी हाय, कुठं हिंडंल?" मग ती माधवीजवळ सरकली. "पर एवढं कुणाला बोलू नका, जाऊबाई. पलीकडच्या वस्तीवर खोकडाची पिल्लं निघाली, कुणीतरी फोटू टाकला. दुसऱ्या दिवशी सतरा गाड्या. पिल्लं घिऊन गेलं ते जनावर, फिरून आलंच न्हाय."

स्वराली हे ऐकत होती.

शेडपाशी परत आले तेव्हा पावणेसात झाले होते. गेणूने टोपी घातली आणि तो पुन्हा गाईड झाला. वही काढली. 'दिसलेले प्राणी' असा एक रकाना होता.

"चिंकारा लिव्हू का?"

"मी नाही पाहिला," स्वराली म्हणाली.

"मंग कसा लिव्हायचा," गेणू म्हणाला, आणि त्याने सुबक अक्षरात लिहिलं, निरंक. माधवीने खाली सही केली. आयुष्यात तिने न वाचता कशावर सही केली नव्हती. हेही तिने दोनदा वाचलं.

पुण्याहून आलेले एक गृहस्थ दुसऱ्या गाडीतून उतरत होते. हातभर लांब लेन्सचा कॅमेरा, खिसेच खिसे असलेलं जाकीट, तोंडावर धूळ. "काय, मिळालं काही?" त्यांनी विचारलं. "आम्हाला लांडग्याचे ठसे मिळाले फक्त. तेही जुने."

माधवी कधी खोटं बोलत नसे. तिच्या लक्षात यायच्या आत ती म्हणाली, "नाही हो. काहीच नाही."

"मग इतका वेळ काय केलंत?"

"चहा घेतला."

गृहस्थांनी पोपटी साडी पाहिली, चिवड्याची पिशवी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कणव आली. "फॅमिली बरोबर असली की असंच होतं."

"व्हय बाबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमी बडबडी मानसं. आमाला कुठलं काय दिसतंय."

परतीच्या वाटेवर स्वराली झोपली आणि माधवी जागी राहिली. उद्या पोरगी वर्गात उभी राहणार. बत्तीस मुलं, म्हणजे चौसष्ट आईबाप, आणि त्यांच्या प्लांटमधले लोक वेगळे. मंगळवारपर्यंत छबूबाईच्या वांग्यात गाड्या लागतील. पण तीन सोमवार कावळा सांगितलेल्या लेकराला, लांडगी पाहिल्यावर गप्प बस, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? रात्री तिने विषय काढला आणि पोरीची गादी सारखी करून सोडून दिला. सकाळी वेण्या घालताना परत काढला आणि रिबिनीची गाठ मारून सोडून दिला. शेवटी फाटकाशी ती एवढंच म्हणाली, "तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग."

शाळा सुटायच्या अर्धा तास आधीपासून ती बाहेर उभी होती. स्वराली आली, दप्तर आईकडे दिलं, पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायली.

"काय सांगितलंस?"

"गेणूकाकांकडे चहा प्यायलो ते. आणि छबूकाकूंनी पोह्यात शेंगदाणे घातले होते ते."

"आणि प्राणी?"

"शेळी सांगितली. बाई म्हणाल्या, शेळी रानटी नसते. मग मी खाली बसले."

माधवीने दप्तर खांद्याला लावलं. "मुलं हसली का?"

"अविराज हसला." स्वरालीने बाटलीचं झाकण नीट आवळलं. "हसू दे. त्याची घोरपड एवढीशी होती."

तेवढ्यात बाई पायऱ्या उतरून आल्या. "स्वरालीच्या आई, एक मिनिट. रागावू नका हं, पण मुलीला जरा बाहेर काढत जा. आपल्या भागात काय कमी आहे का? आणि या पोरीने काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. आपली भीती आपल्याजवळ ठेवायची असते. मुलांना कशाला?"

माधवीने मान खाली घातली. तिच्या करंगळीला एका छोट्या हाताने धरलेलं होतं आणि तो हात हळूच दाबत होता.

"हो बाई," ती म्हणाली. "चुकतंच माझं."

दोघी गंभीर चेहऱ्याने शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या, आणि कोपरा वळेपर्यंत त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नाही.